थायरॉइडची दुसरी शस्त्रक्रिया आणि आवाजाची नस

प्रश्न : १२ वर्षांपूर्वी माझ्या थायरॉइडच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढण्यात आला होता. आता तेथे पुन्हा गाठी वाढून श्वासनळीवर दाब येत असल्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्या वेळी ‘नर्व्ह मॉनिटर’ (शस्त्रक्रियेदरम्यान आवाजाची नस ओळखण्यास मदत करणारे यंत्र) लावणार असल्याचे सर्जन म्हणाले. मी शिक्षिका आहे. या यंत्रामुळे माझा आवाज शाबूत राहील का?

उत्तर : तशी हमी यंत्राच्या भरवशावर कोणालाही देता येणार नाही, तरीही आपल्या बाबतीत ते लावण्याचा निर्णय योग्य आहे, असे माझे मत आहे. स्वरतंतू हलवणारी नस दोन्ही बाजूंना श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून, थायरॉइडला अगदी खेटून वर जाते. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती जुन्या व्रणाच्या चिवट, पांढुरक्या ऊतींमध्ये गुरफटलेली असते, कधी मूळ जागेवरून सरकलेलीही असते, आणि नस कोणती व व्रणाचा धागा कोणता हे नुसत्या डोळ्यांना चटकन उमगत नाही. त्यामुळे इजेचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो.

या यंत्रात, भूल देताना श्वासनळीत घातलेल्या नळीवरचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकलेले राहतात. सर्जन संशयित धाग्याला बारीक शलाकेने साधारण १ मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युतप्रवाह देतो. तो धागा म्हणजे नसच असेल, तर स्वरयंत्राचे स्नायू आकुंचन पावतात आणि पडद्यावर तरंग उमटतो. नळी जराशी फिरली किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला, तर नस धडधाकट असूनही यंत्र गप्प बसते. म्हणून भूलतज्ज्ञाचा वाटाही येथे मोठा असतो. शिवाय, अधूनमधून तपासणारा मॉनिटर इजा टाळत नाही, ती झाल्यावर सांगतो. आवाजाची नस जिची शाखा आहे, त्या मानेतील व्हेगस नसेवर इलेक्ट्रोड बसवून अखंड नोंद घेण्याच्या पद्धतीत मात्र नस ताणली जात असतानाच तरंगाची उंची घटू लागते आणि सर्जनला वेळीच हात सैल करता येतो.

माझ्या दृष्टीने मॉनिटरचा सर्वांत मोठा उपयोग दोन्ही बाजूंच्या शस्त्रक्रियेत होतो. पहिल्या बाजूचा संकेत नाहीसा झाला आणि नळी व औषधे तपासूनही परतला नाही, तर दुसऱ्या बाजूला त्या दिवशी हात न लावता थांबता येते. एक स्वरतंतू लुळा पडला तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही लुळे पडले तर श्वासाचा मार्गच अरुंद होऊन गळ्याला छिद्र पाडण्याची वेळ येऊ शकते. संकेत गेल्यास काय करणार, हे सर्जनला आधीच विचारा.

शस्त्रक्रियेआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या, आवाज उत्तम असला तरीही. एक स्वरतंतू पूर्वीच निकामी झाला असेल, तर दुसरा त्याची उणीव भरून काढतो आणि बोलण्यात काहीच जाणवत नाही. अशा वेळी शाबूत बाजूची नस एकुलती एक ठरते आणि शस्त्रक्रियेचा बेतच बदलावा लागतो. आपल्या पेशाची कल्पनाही सर्जनला द्या, कारण वरच्या पट्टीत बोलण्यासाठी लागणारी वेगळी, बारीक नसही याच मॉनिटरने शोधता येते. नस तुटलेली नसेल, तर ताणामुळे आलेला अशक्तपणा बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. या काळात स्वरोपचार लवकर सुरू केलेले बरे.