चार पोस्टकार्डं आणि बारा लाखांचा विमा

एका वाचकाचं पत्र (वय 41, घरात एकटे कमावते, मुलं 9 आणि 6 वर्षांची): ‘चित्रकार नंदलाल बोस यांनी पोस्टकार्डांवर शाईनं काढलेली चार गमतीदार चित्रं एक गॅलरी 5 लाखांना देतेय. पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतात. बोनस आलाय, घेऊ का? बाकी सगळं नीट आहे. गृहकर्ज 38 लाख. बँकेनं कर्जाबरोबरच 12 लाखांची विमा पॉलिसी दिली. वर्षाला 1 लाख 20 हजार, दहा वर्षं भरायचे, चार हप्ते झाले. विसाव्या वर्षी 20 लाख मिळतील.’

चित्रांचं आधी उरकतो. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास 15 टक्के, आणि हे सांगतोय कोण, तर विकणाराच! जीएसटी धरून सव्वापाच लाख जाणार. विकताना लिलाववाल्यांनी 12 टक्के कापले, तर नुसती मुद्दल सुटायलाच भाव 6 लाखांच्या घरात हवा. शिवाय बोस यांची चित्रं 1972 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय कलासंपदा आहेत. विकायला परदेशी नेता येत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक इथलंच. गॅलरीला एवढंच विचारा, हीच कार्डं उद्या केवढ्याला परत घ्याल? लेखी द्या म्हणावं.

पण पत्र वाचताना मी अडकलो ते ‘बाकी सगळं नीट आहे’ या वाक्यावर. नीट नाहीये हो. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर 12 लाख सरळ कर्जात जातील आणि तरी 26 लाख उरतील. फेडायचे कुणी? घरखर्च, दोन मुलांचं शिक्षण याला एक रुपया नाही. आणि परतावा? 12 लाख भरून विसाव्या वर्षी 20 लाख, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. कर्ज मंजूर करताना समोरच्याची अडचण पाहून असली पॉलिसी गळ्यात मारतात, याचा मला मनापासून संताप येतो.

दीड कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, नुसत्या संरक्षणाचा. तब्येत ठीक असेल तर वर्षाला 25 ते 35 हजार. सिगारेट ओढत असाल, साखर असेल, तर अर्जात स्पष्ट लिहा. लपवलंत तर दावा अडकेल आणि हेलपाटे बायकोला पडतील. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. उरलेले सहा हप्ते, म्हणजे 7 लाख 20 हजार वाचतील. आधीचे अडकलेत ते अडकू द्या. बोनसमधून सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत ठेवा, उरेल ते कर्जात भरा.

एवढं करून एखादं कार्ड भिंतीवर हवंच असेल, तर घ्या, आवडलं म्हणून घ्या. पण फ्रेममधून काढून मागची बाजू बघा. टपालाचा शिक्का, तारीख, कुणाला धाडलं त्याचं नाव, आणि त्या माणसाकडून ते गॅलरीपर्यंत कसं आलं याचे कागद. कागद नसतील तर निम्म्या किमतीतही घेऊ नका.