वाद गोल-सपाटचा नव्हता, घेराचा होता

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत त्याने सांगितलं की कोलंबसाच्या काळात युरोपातले लोक पृथ्वी सपाट मानायचे, जहाज कडेवरून खाली पडेल म्हणून खलाशी घाबरायचे आणि कोलंबसाने पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलं. नंबरही आला. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, हे सगळं चूक आहे. खरं कुणाचं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आजोबांचं खरं आहे. पण मुलाला रागावू नका, कारण ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी अशीच ऐकलीय, मीसुद्धा. ती पसरली ती मुख्यतः वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने १८२८ साली लिहिलेल्या कोलंबसाच्या चरित्रामुळे, त्यात त्याने प्रसंग फार रंगवून लिहिले आणि पुढे तेच खरं धरलं गेलं.

शिकलेल्या युरोपियन माणसाला पृथ्वी गोल आहे हे कोलंबसाच्या दीड हजार वर्षं आधीपासून माहीत होतं. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली गोल पडते हे ॲरिस्टॉटलने सांगितलेलं, आणि तिकडच्या विद्यापीठांत तेराव्या शतकापासून सॅक्रोबोस्कोचं खगोलशास्त्रावरचं जे पुस्तक शिकवत त्यातही पृथ्वी गोलच होती. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत लिहिलंय की परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस एवढासा, म्हणून आपल्याला ती सपाट वाटते. किती सोपं करून सांगितलंय बघा!

मग भांडण कशाचं होतं? तर पृथ्वीच्या घेराचं. स्पेनच्या इसाबेला राणीने नेमलेल्या जाणकारांनी १४९० मध्ये कोलंबसाची योजना फेटाळली, कारण त्यांच्या हिशोबाने पश्चिमेकडून आशियाला जायचं तर अंतर फारच जास्त होतं, आणि त्यांचा हिशोब बरोबर होता! कोलंबसाने अरबी खगोलशास्त्रज्ञाचा आकडा घेतला पण अरबी मैल लांब असतो हे लक्षात न घेता आपला इटालियन मैल धरला, त्यामुळे पृथ्वी जवळपास पाव हिश्श्याने लहान झाली, त्यात आशिया खंड त्याने पूर्वेकडे भलताच लांब ताणला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांपासून जपान साधारण ४,४०० किलोमीटरवर आहे असं तो म्हणत होता, प्रत्यक्षात आहे १९,००० च्या वर. एवढ्या प्रवासाचं पाणी आणि धान्य त्या काळच्या जहाजात मावलंच नसतं. मधे अमेरिका आडवी आली म्हणून १२ ऑक्टोबर १४९२ ला ते जिवंत किनाऱ्याला लागले.

खलाशी घाबरलेले होते हे मात्र खरं, पण भीती वेगळी होती. वारा सतत पाठीमागून, पश्चिमेकडेच वाहतोय, मग स्पेनला परत न्यायला वारा मिळणार कसा? कोलंबसाच्या रोजनिशीत याची नोंद आहे, समोरून वारा सुटला तेव्हा त्याला उलट हायसं वाटलं. मला ही भीती कडेवरून पडण्याच्या गोष्टीपेक्षा जास्त खरी आणि जास्त हलवणारी वाटते.

पृथ्वीला अख्खी चक्कर मारली ती मॅगेलनच्या मोहिमेने, १५१९ ला ५ जहाजं निघाली, मॅगेलन वाटेत फिलिपिन्समधे मारला गेला आणि १५२२ ला व्हिक्टोरिया हे एकच जहाज १८ माणसं घेऊन परतलं. त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार! पश्चिमेकडे जात जात एक अख्खा दिवस हातातून गेला होता.

आता आजोबा-नातवाला एक काम द्या. इजिप्तमधे एराटोस्थेनिसने इ. स. पू. २४० च्या सुमारास दोन गावांतल्या सावल्यांवरून घेर काढला होता, तेच सांगलीत करता येतं, कारण मेच्या ६-७ तारखेला दुपारी साडेबाराच्या आसपास सांगलीत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्याच दिवशी दिल्लीतल्या एखाद्या नातेवाइकाला सव्वाबाराच्या सुमारास एक मीटरच्या काठीची सगळ्यात छोटी सावली मोजायला सांगा. ती २१ सेंटिमीटरच्या जवळपास येईल, म्हणजे कोन पावणेबारा अंशांचा. सांगली ते दिल्ली सरळ दक्षिणोत्तर अंतर साधारण १,३०० किलोमीटर (रस्त्याचं नाही हं, नकाशावरचं), त्याला ३६० ने गुणा आणि पावणेबाराने भागा. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास आलं की वही आजोबांकडे तपासायला द्या.