नव्या औषधाचा हिशेब मांडताना

आधी ठरवा, खर्च कुणाचा मोजताय. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) औषध फुकट मिळालं, तरी काणकोणहून येणाऱ्याचं बसभाडं आणि बुडालेली रोजंदारी समाजाच्या हिशेबात येतेच.

तुलना सध्याच्या उपचाराशीच करा, नवशिके इथेच फसतात. समजा, नव्या औषधाला 60,000 रुपये लागून 2.5 गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्षं मिळतात. जुन्याला 20,000 लागून 2.3. (अर्ध्या तब्येतीत काढलेलं वर्ष 0.5 धरतात.) 60,000 ला थेट 2.5 ने भागलंत तर 24,000 येतात, औषध स्वस्त भासतं. खरं गणित फरकाला फरकाने भागायचं: 40,000 भागिले 0.2, म्हणजे जादा मिळणाऱ्या एका आयुर्वर्षामागे 2 लाख.

पुढच्या वर्षांचे खर्च आणि लाभ दोन्ही आजच्या मोलात आणायला दरसाल 3 टक्क्यांनी घटवा. मग लाभाचा आकडा हलवून बघाच, 0.2 चा 0.1 झाला की तेच 4 लाख!