बारा तारा, सहा जोड्या: वाचकांचे प्रश्न

बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची हौस कॉलेजपासूनची. आता पैसे जमलेत. रिकनबॅकर ३६०/१२ ओढूनताणून परवडेल. तिच्याऐवजी स्वस्तातली घेतली तर पस्तावायची वेळ येईल का? (पुणे)

तुम्हाला ती गिटार हवी आहे की तो आवाज, हे आधी ठरवा. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती ३६०/१२ आली, पुढच्याच वर्षी बर्ड्स या अमेरिकन बँडच्या रॉजर मॅग्विनने तिच्यावर अख्ख्या बँडचा आवाज उभा केला. तो खणखणाट घडतो पिकअप (तारांचं कंपन टिपणारं चुंबक), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र) आणि जोडीतल्या तारांचा क्रम या तिन्हींमुळे. इतर बहुतेक गिटारींवर पिक वरून खाली आला की आधी बारीक, वरच्या सप्तकातली तार वाजते आणि मग जाड. रिकनबॅकरवर आधी जाड, मग बारीक. हा क्रम दुसऱ्या गिटारवरही करून घेता येतो. फक्त जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, नवा कापून घ्यावा लागतो. कॉम्प्रेसर तर वेगळाच विकत मिळतो. राहिला पिकअप. त्यातला फरक ऐकू येतो, हे खरं.

पण पैशांआधी बोटांचं बघा. ३६०/१२ ची मान नटपाशी जेमतेम ४१ मिलिमीटर रुंद असते. बारा तारांच्या अकूस्टिकवर हीच रुंदी ४८ च्या आसपास असते. दुकानात ए मेजर कॉर्ड धरा: एकाच फ्रेटमध्ये (मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधल्या जागेत) तीन बोटं, त्यांच्याखाली सहा तारा. मग एकेक जोडी सावकाश छेडा. एखादी तार बोटाच्या कडेला लागून मुकी होत असेल तर त्या मानेशी रोज भांडावं लागेल, नाव कितीही मोठं असो. बोटं बसली तर ओढाताण करून घ्या. नाही बसली तर रुंद मानेची, कमी किमतीची गिटार आणि उरलेल्या पैशांत चांगला सेटअप, हाच सौदा फायद्याचा.

सेकंडहँड बघायला जाताना काय तपासू? (नाशिक)

ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) आणि व्हिजिटिंग कार्ड खिशात ठेवा. विकणाऱ्याला सांगून ठेवा की बाराही तारा पूर्ण सुरात हव्यात. तारा सैल सोडलेल्या गिटारीची परीक्षा होत नाही, कारण मानेवरचा ताण सहा तारांच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि दोष ताणाखालीच दिसतात. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात कार्ड जेमतेम सरकावं, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट. जास्त असेल तर ट्रस रॉडला, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीला, अजून वाव आहे का ते विचारा. शेवटापर्यंत आवळलेला रॉड असेल तर गिटार तिथेच ठेवून या. जुन्या रिकनबॅकरमध्ये दोन रॉड असतात आणि ते नुसते आवळायचे नसतात. आधी मान हाताने वाकवून जागेवर आणायची, मग रॉडचा नट घट्ट करायचा. हे माहीत नसलेल्याने जोर लावला की फिंगरबोर्ड (मानेवरची फ्रेट बसवलेली फळी) उचकटतो. त्याच्या कडेने नख फिरवून बघा.

टेलपीसलाही (तारांची खालची टोकं अडकवतात तो भाग) तडा नाही ना, ते पाहा. मग ब्रिज. १९६५ च्या फेंडर इलेक्ट्रिक ट्वेल्व्हवर बारा तारांना बारा सॅडल (ब्रिजवरचे, तार टेकते ते तुकडे) होते. बऱ्याच गिटारींवर सहाच असतात, म्हणजे एका जोडीला एक. सॅडल जाड तारेसाठी मागे नेला तर बाराव्या फ्रेटवर बारीक तार उतरते. बारीक तारेसाठी पुढे आणला तर जाड तार चढते. फरक दोघींत वाटून घ्यायचा, दुसरा इलाज नाही. पाचव्या फ्रेटच्या आतच वाजवणार असाल तर याची फार चिंता नको.

तिसऱ्या जोडीतली बारीक तार आठवड्याला एक तुटते. ०.००९ ऐवजी ०.००८ लावली, तरी तेच. तार खराब आहे का? (सांगली)

तारेला दोष देऊ नका. ही तार पहिल्या जोडीतल्या 'ई' तारेपेक्षाही उंच लागते: 'ई' ३३० हर्ट्झ, ही ३९२. वाद्यातली सगळ्यात उंच तार तीच, त्यामुळे पोलाद सोसू शकतं त्याच्या बऱ्याच जवळ ती नेहमीच असते. जाडी बदलून हे सुटत नाही. नटपासून सॅडलपर्यंतची लांबी तीच आणि स्वर तोच असेल तर तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा ताण जवळपास तेवढाच राहतो. लांबी कमी असेल तर मात्र फरक पडतो. ६४८ मिलिमीटरच्या मानाने ६२८ च्या गिटारवर तो सुमारे ६ टक्के कमी असतो. सगळी गिटार अर्धा स्वर उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावलात तर जवळपास ११ टक्के कमी. मूळ पट्टी तशीच मिळते, तारा टिकतात आणि बोटांनाही हलकं वाटतं.

तुटलेलं टोक मात्र फेकू नका. सॅडलपाशी तुटली असेल तर तिथे बारीक धार असते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरची सुरळी करून खाचेतून चार-पाच वेळा फिरवा. नटपाशी तुटली तर खाच अरुंद आहे, तार अडकते आणि मग झटक्याने सुटते. सूर लावताना 'टक' असा आवाज येतो तो त्याचाच. खाचेत शिसपेन्सिल घासा. खुंटीपाशी तुटली तर वेढे एकमेकांवर चढलेत. तीन वेढे पुरेत, एकाखाली एक. सुटी तार मिळत असेल तर पाच-सहा एकदम घेऊन ठेवा, एका तारेसाठी पूर्ण सेट फोडू नका.

सुरात लावायलाच अर्धा तास जातो. काही क्रम आहे का? (डोंबिवली)

तंबोऱ्याची जोडी लावणाऱ्याला यात नवं काही नाही. आधी सगळ्या जाड तारा ट्यूनरवर लावा. मग त्यांच्या जोडीदार: पहिल्या दोन जोड्यांत त्याच सप्तकात, उरलेल्या चारांत एक सप्तक वर. जोडीदार लावताना ट्यूनर बाजूला ठेवा आणि दोन्ही एकत्र छेडून 'वांव-वांव' ऐका. ते लांबत लांबत थांबलं की तार जागेवर आली. नेहमी खालून वर चढवत या. चढली तर पुरती उतरवून पुन्हा या, नाहीतर खुंटीतली ढील नंतर तार उतरवते. शेवटच्या तारेपर्यंत पोचेस्तोवर मान थोडी वाकलेली असते, म्हणून दुसरा फेरा अटळच. जवारीसारखा झणझणाट ऐकून खूश होऊ नका. गिटारवर तो दोष असतो, बहुधा नटची खाच खोल गेलेली असते.

ॲम्पवर आवाज गढूळ येतो. (ठाणे)

डिस्टॉर्शन बंद, बास कमी. सप्तकाच्या जोड्या डिस्टॉर्शनमधून गेल्या की नको ते स्वर तयार होतात. एका कॉम्प्रेसरने जोरात दाबण्यापेक्षा दोन मवाळ लावून एकामागून एक जोडा.

आम्ही चौघे-पाच जण महिन्यातून एकदा जमायचं म्हणतोय. सगळ्यांकडे बारा तारांची गिटार. कसं जमवावं? (कोल्हापूर)

पहिली सूचना: सगळ्यांनी एकदम वाजवू नका. पाच गिटारी म्हणजे साठ तारा. त्यांतली एक जरी उतरलेली असली तरी सगळ्यांवर पाणी. एकाने बारा तारांवर तुटक स्वरांत कॉर्ड उलगडावी, दुसऱ्याने सहा तारांवर ठेका धरावा, तिसऱ्याने बास. बाकीचे ऐकतील आणि पाळी बदलेल. गिटार घरून आणली की वीस मिनिटं गिटारची पेटी उघडी ठेवा, मगच सूर लावा. जुलै-ऑगस्टात तर नक्कीच. अर्धा स्वर उतरवायचं की नाही हे आदल्या दिवशी ठरवा, नाहीतर पहिला तास त्यातच जातो. एकमेकांच्या गिटारी हातात घ्या, मानेची रुंदी मोजा, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटवर मोजून लिहून ठेवा. दीड ते दोन मिलिमीटर बरी. तारा, नट, पॉलिश पेपर एकत्र मागवले तर कुरिअरचा खर्च वाटला जातो. आणि पुढची गिटार घेणाऱ्याला दुकानात जाण्याआधी पाच वेगवेगळ्या मानांवर ए मेजर धरून बघता येतो.