बारा दिवसांच्या मिशन ट्रिपमध्ये खरी मैत्री होते का?

तुम्ही लिहिलंय की चर्चच्या टीमबरोबर पहिल्यांदाच नेपाळला निघालात, तेही बाराच दिवसांसाठी, आणि मनात धाकधूक आहे की तिथल्या लोकांशी खरी मैत्री होईल की फोटो काढून परत याल. मैत्री होते. माझी एक मैत्रीण धादिंग जिल्ह्यातल्या डोंगरातल्या गावात राहते. २०१९ च्या नोव्हेंबरात अशाच ट्रिपमध्ये ती मला भेटली.

पण आधी यजमानांची बाजू सांगते, कारण मी लहानपणापासून तीच पाहिली आहे. मी इंदूरची. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इथे आले, तेव्हापासून परदेशी पाहुणे आमच्या गावाला नवे नाहीत. आमच्या चर्चमध्येही आठ-दहा दिवसांसाठी टीम यायच्या. गाणी, खेळ, चित्रं, आणि निघताना सगळ्यांचे डोळे भरलेले. पत्ते सगळेच लिहून घ्यायचे. पत्र आलं ते एकीचंच. ती रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आईजवळ बसून पोळ्या लाटायला शिकायची आणि आईचा गुडघा कसा आहे ते विचारायची. तिने व्यासपीठावरून काय सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. आई मात्र आजही प्रार्थनेत तिचं नाव घेते.

म्हणून मी नेपाळला जाताना ठरवलं होतं की काहीतरी शिकायचंच. आपली लिपी एकच, त्यामुळे नेपाळी पवित्र शास्त्र अडखळत का होईना वाचता येतं. तिथेही आपल्यासारखंच ‘येशू ख्रीष्ट’ म्हणतात, हिंदीतल्यासारखं ‘यीशु मसीह’ नाही. जिच्या घरी उतरले होते त्या दिदीला मी म्हटलं, रोज एक अध्याय वाचते, माझे उच्चार सुधारा. ती दोनच इयत्ता शिकलेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे शिकायला बसलं होतं. चूक झाली की ती हसायची, मीही हसायची. मी इंदूरहून शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला नेला होता. तिच्याकडे चिउरा होता, म्हणजे आपले पोहे, पण तिकडे ते बहुतेक कोरडेच खातात. मी ते भिजवायला घेतले तेव्हा तिला वाटलं, आता वाया गेले! मग सगळ्या घराने ताटं पुसून खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी तिने मला गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, करायला बसवलं.

येशूने शिष्यांना गावोगावी पाठवताना सांगितलं होतं की एकाच घरात राहा, ते जे वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. मला वाटतं, थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी याहून चांगला सल्ला नाही. शक्य असेल तर हॉटेल टाळा.

आठव्या रात्री भांडी घासताना दिदी आपणहून भूकंपाबद्दल बोलली. २५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळमध्ये उपासना शनिवारी असते, कारण सुटी त्याच दिवशी. भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा कितीतरी मंडळ्या प्रार्थनेला जमलेल्या होत्या. तिने त्या दिवशी काय गमावलं ते मला सांगितलं. आमच्या टीमला अहवालासाठी ‘साक्षी’, म्हणजे लोकांचे श्रद्धेचे अनुभव, गोळा करायच्या होत्या. मी ती गोष्ट दिली नाही, इथेही सांगणार नाही. तिने ती मला सांगितली होती, अहवालाला नाही. तुमच्याकडेही कुणी असं मन मोकळं केलं तर कृपा करून वही काढू नका.

एक गोष्ट फार गांभीर्याने घ्या. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाची देशाबाहेर रवानगी. तुम्ही बारा दिवसांनी घरी याल, पण शेजाऱ्यांच्या नजरा आणि चौकशा तिथल्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, वाट्याला येतील. ते जिथे थांबा म्हणतील तिथे थांबा. मनात एक ठेवून मैत्रीचं नाटक केलेलं समोरच्याला कळतं, आणि ते दुखतं. आपला प्रभू शिष्यांना म्हणाला होता की मी तुम्हाला दास नाही, मित्र म्हणतो. मित्र हा शब्द कामापुरता वापरायचा नसतो.

वस्तू किंवा पैसे एकट्याला गुपचूप देऊ नका. आमच्यातल्या एकाने एका मुलाला मोबाइल दिला आणि त्या मंडळीत महिनाभर अबोला राहिला. द्यायचंच असेल तर पाळकांना विचारून.

आणि माझी चूक. निघताना मी म्हणाले, ‘पुढच्या वर्षी नक्की येते.’ २०२० मध्ये सीमाच बंद झाल्या. दिदीने माझ्यासाठी गुन्द्रुक बांधून ठेवलं होतं, ते तिच्या मुलाने फोनवर सांगितलं. तेव्हापासून वचन न देता मी दर शुक्रवारी रात्री तिला आवाजी निरोप पाठवते, आपल्या घरातलं काहीबाही सांगते. शनिवारी उपासनेहून आल्यावर ती उत्तर देते. २०२३ मध्ये शेवटी गेले. नेपाळात मैत्रीचं नातं रीतसर जोडायची प्रथा आहे, मीत लावणं म्हणतात. बायकांमध्ये मितिनी. मग दोन्ही घरं एकमेकांची सोयरी. आम्ही विधी वगैरे केला नाही, पण दिदी आता गावात माझी ओळख तशीच करून देते, आणि तिच्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं माझ्या आईच्या नावाने आलंय.