बुजऱ्या कुत्रीला घरी आणण्याआधीचा हिशेब

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. यजमान टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, त्यांच्या हाती दरमहा ४४,००० रुपये येतात. मी घरी शाळेचे गणवेश शिवते, त्यातून सरासरी १८,००० मिळतात. गृहकर्जाचा हप्ता १५,५००, घरखर्च २६,०००, विम्याचे हप्ते ४,५०० आणि मुलीच्या शिक्षणासाठीची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) ८,००० जाऊन ८,००० उरतात. बँकेत १,१०,००० रुपयांची ठेव आहे आणि दिवाळीला सुमारे २०,००० बोनस मिळेल. प्राण्यांच्या निवारा केंद्रातली तीन वर्षांची एक गावठी कुत्री दत्तक घ्यावी असे मनात आहे. ती फार बुजरी आहे. पाण्याच्या टाकीमागे भिंतीकडे तोंड करून बसते. तिसऱ्या भेटीत तिने माझ्या ओढणीचे टोक हुंगले, एवढीच आमची ओळख. यजमान म्हणतात, तिच्यावर महिन्याला ३,००० घालण्याऐवजी ते एसआयपीत टाकले तर दहा वर्षांत सात लाख होतील. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचा आकडा बरोबर आहे. दरमहा ३,००० रुपये वार्षिक १२ टक्के दराने दहा वर्षे वाढले, तर सुमारे ६ लाख ९७ हजार होतात. मात्र १२ टक्क्यांची हमी कोणी देत नाही, आणि महागाई ६ टक्के धरली तर त्या वेळच्या सात लाखांना आजच्या हिशेबाने ३ लाख ९० हजारांच्या आसपासच किंमत उरते. शिवाय हे ३,००० मुलीच्या एसआयपीतून काढायचे नसून महिनाअखेर उरणाऱ्या ८,००० मधून द्यायचे आहेत. त्या शिलकीतून आज एसआयपीत काहीच जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात न केलेल्या गुंतवणुकीशी या खर्चाची तुलना करणे मला पटत नाही. तरीही त्यांनी प्रश्न विचारला हे फार चांगले झाले, कारण नऊ-दहा वर्षांची जबाबदारी भावनेच्या भरात घेतली की तिची झळ पुढे त्या मुक्या जिवालाच बसते.

आता ३,००० हा अंदाज तपासू. पंधरा किलोच्या आसपासच्या गावठी कुत्रीला भात, अंडी, चिकन, दही आणि थोडी ज्वारीची भाकरी असे घरचे जेवण दिले तर माझ्या अंदाजाने २,००० रुपये लागतील. गोचीड आणि जंत यांवरची औषधे आणि रेबीजसह वर्षाच्या लसी महिन्यांत वाटून धरल्या तर आणखी ७०० ते ८००. म्हणजे अंदाज योग्य आहे. फक्त शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा तिला देऊ नका, कारण त्यातला लसूण कुत्र्यांना बाधतो; आणि आपल्या जिल्ह्यात घरोघरी असणारी द्राक्षे व बेदाणे तर तिच्या तोंडी लागताच कामा नयेत, त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा दवाखान्याचा मोठा खर्च केवळ सावध राहून टळतो.

खरा खर्च मात्र तुम्ही दोघांनीही धरलेला नाही, आणि तो तिच्या बुजरेपणात आहे. अशी कुत्री घरात रुळायला तीन महिने सहज लागतात. त्या काळात कोणीतरी रोज तिच्याजवळ, तिच्याकडे टक लावून न पाहता, पाठ किंवा कूस करून नुसते बसावे लागते, आणि हे काम घरात असणाऱ्या माणसाकडेच, म्हणजे तुमच्याकडे येणार. महिन्याला पंचवीस दिवस, रोज सहा तास शिवणकाम धरले तर तुमचा एक तास १२० रुपयांचा आहे. रोज एक तास तिला दिला तर महिन्याला ३,००० रुपयांचे काम कमी होते. जेवढा खर्च दिसतो, तेवढाच न दिसणारा, आणि तो सगळा तुमच्या एकटीच्या कमाईतून जाणारा. हे यजमानांसमोर स्पष्ट मांडा. घरखर्चाच्या वहीत त्याची नोंद झाली पाहिजे, नाहीतर जूनमध्ये गणवेशाचे पैसे कमी आले की दोष कुत्रीच्या माथी जाईल.

माझ्या घरीही अशीच एक कुत्री आली होती. पहिले अकरा दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. बाराव्या रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात लपलप आवाज आला, आणि अंधारात ती भांड्यातले पाणी पीत असल्याचे लक्षात आले. मी श्वास रोखून अंथरुणातच पडून राहिलो. पुढच्याच महिन्यात तिला गोचीडताप झाला. अंगाला हात लावू देत नसल्याने ताप आम्हाला उशिरा कळला, आणि रक्ततपासण्या, सलाईन, घरी येणाऱ्या डॉक्टरांची फी आणि चार आठवड्यांच्या गोळ्या मिळून ११,४०० रुपये गेले. धीट कुत्र्याच्या कानामागचे गोचीड पहिल्या दिवशी दिसते, बुजऱ्याचे दिसत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली अट अशी की, ती घरी येण्यापूर्वी तिच्या नावाने वेगळ्या बचत खात्यात किमान १५,००० रुपये असावेत.

हे पैसे ठेवीतून काढू नका. कर्जहप्ता, घरखर्च आणि विमा मिळून तुमचा अटळ खर्च महिन्याला ४६,००० आहे. १,१०,००० ची ठेव अडीच महिनेही पुरणार नाही, आणि अडीअडचणीसाठी चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १,८४,०००, ठेवीत हवेत. दिवाळीचा बोनस सबंध ठेवीत टाका. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये उरणाऱ्या ८,००० पैकी ५,००० कुत्रीच्या खात्यात आणि ३,००० ठेवीत जावेत. जानेवारीपासून उलट करा : ३,००० तिच्या खर्चाला आणि ५,००० ठेवीत. शिवणकामाच्या कमाईत घट आली नाही, तर अशाने सप्टेंबरअखेर, म्हणजे पुढच्या दिवाळीच्या आत, ठेव पूर्ण होते आणि मुलीच्या एसआयपीला हात लागत नाही.

जानेवारी म्हणण्यामागे पैशांइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण आहे. आत्ता आणलेली बुजरी कुत्री दिवाळीच्या फटाक्यांनी दार उघडे दिसताच पळून जाईल. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम उरकले, की आपल्या शहरात आवाज निवळतात, हवा थंड असते आणि तुमच्या गणवेशांच्या ऑर्डरींनाही जोर आलेला नसतो. त्या दिवसांत तुमचा एक तास वर्षातला सर्वांत स्वस्त असतो. मार्चनंतर तो महाग होतो, आणि पाठोपाठ ऊन चाळिशीपार जाते. पाणी दिवसाआड नव्हे तर काही दिवसांनी येणाऱ्या आपल्या शहरात तिच्या पिण्याचे आणि फरशी धुण्याचे पाणी साठवण्यासाठी एक जादा ड्रमही लागेल. तो हिशेबात धरा.

पाळीव प्राण्यांचा विमा तुम्हाला सध्या सुचवत नाही. अनेक पॉलिसींत वयाची मर्यादा असते आणि आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, त्यापेक्षा तिचे खाते महिन्याला २०० रुपयांनी वाढवलेले बरे. पिल्लू विकत घेण्याचा विचार कोणी सुचवला तर, या उन्हात दाट केसांच्या जातीवर पैसे घालण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. सोसायटीने हरकत घेतली तर पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.

तोपर्यंत दर रविवारी तिला भेटायला जा, तीच ओढणी घेऊन, आणि दर खेपेस यजमानांनाही सोबत न्या. वर्षातून एकदा तुम्ही गावी जाल तेव्हा अशी कुत्री अनोळखी बोर्डिंगमध्ये ठेवता येणार नाही, म्हणून नणंद किंवा शेजारच्या काकू यांपैकी एकीला तिने आधीपासून ओळखले पाहिजे. निवारा केंद्राकडून नसबंदी झाली आहे का, लसींच्या तारखा कोणत्या आणि गोचीडतापासाठी रक्त तपासले आहे का, हे लिहून घ्या. रक्त तपासलेले नसेल तर ती तपासणी डिसेंबरमध्येच, ती तिथे असताना, तिच्या खात्यातून करून घ्या.