वाचकांचे प्रश्न : नमुन्यांच्या नळ्यांवर लिहायचे कशाने?

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सगळ्या नळ्यांवर परमनंट मार्करने लिहितात. तरीही ७० टक्के अल्कोहोलचा हात लागला की अक्षरे जातात. मार्कर निकृष्ट आहे का? कोणता घ्यावा?

मार्करमध्ये दोष नाही. साध्या परमनंट मार्करच्या शाईत तीन गोष्टी असतात : रंग, त्याला पृष्ठभागावर धरून ठेवणारी राळ आणि या दोन्हींना पातळ ठेवणारा द्रावक. हा द्रावक बहुतेक वेळा कुठले तरी अल्कोहोलच असते. लिहिल्यावर ते उडून जाते आणि रंग व राळेचा पातळ थर मागे राहतो. पाण्यात राळ विरघळत नाही, म्हणून अक्षर पाण्याला दाद देत नाही. पण मार्करच्या आत ज्याने ती विरघळली होती, त्याच द्रावकाचा बोळा फिरवला तर ती पुन्हा सुटणारच.

अक्षरे बहुधा बाटली पुसताना जात नाहीत, ती ओल्या ग्लोव्हजमुळे जातात. ग्लोव्हजवर अल्कोहोल फवारले जाते आणि ते सुकायच्या आत नळी उचलली जाते. बोटे पडतात ती नेमकी नाव लिहिलेल्या जागी. मार्कर बदलण्याआधी ही सवय बदला : फवारल्यावर ग्लोव्हज पूर्ण सुकू द्या, आणि बाटली पुसायची असेल तर लिहिण्याच्या आधी पुसा.

नवा मार्कर घेताना वेष्टनावर नुसते ‘वॉटरप्रूफ’ असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. अल्कोहोलला टिकतो असे स्पष्ट लिहिलेले हवे, आणि तुमच्याकडे इतर द्रावके वापरात असतील तर त्यांचीही नावे हवीत. अल्कोहोलला टिकणारी शाई झायलीनला टिकेलच असे नाही. अ‍ॅसिटोनपुढे तर फार थोड्या शाया तग धरतात. रंग शक्यतो काळाच घ्या. काळ्या शाईत कार्बनचे रंगद्रव्य असेल तर ती उजेडानेही उडत नाही. लाल, हिरव्या आणि जांभळ्या मार्करमध्ये बहुधा विरघळणारे रंग असतात, खिडकीजवळच्या मांडणीवर ते फिके पडतात. काही काळे मार्करही असे रंग मिसळूनच केलेले असतात. गाळणकागदावर एक ठिपका देऊन त्यावर अल्कोहोलचे दोन थेंब सोडा. ठिपक्याभोवती निळी-जांभळी वलये पसरली, तर त्या काळ्यावर विसंबू नका.

वेष्टनावरचा मजकूर काहीही असो, खरेदीआधी स्वतः चाचणी घ्या. तुम्ही रोज वापरता त्याच नळ्या घ्या, कारण एकच शाई काचेवर एक वागते आणि प्लॅस्टिकवर दुसरी. प्रत्येक मार्करने दहा नळ्यांवर चार आकडी क्रमांक लिहा. अर्ध्या नळ्या पाच मिनिटांनी तपासायला ठेवा, अर्ध्या चोवीस तासांनी. दोन्ही गटांतली एक नळी ७० टक्के अल्कोहोलने भिजवलेल्या कागदाने दहा वेळा पुसा, एक त्याच अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, एक रात्रभर गोठवून वितळल्यावर पुसा, एक ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढा आणि एक तशीच ठेवा. मग ज्याला क्रमांक माहीत नाहीत अशा सहकाऱ्याला वाचायला द्या. लिहिणाऱ्याला पुसट अक्षरही ओळखू येते, म्हणून त्याचे मत धरू नका. पाच मिनिटांचा गट नापास आणि चोवीस तासांचा पास झाला, तर मार्कर बरा आहे, त्याला सुकायला वेळ मिळत नाही एवढेच. मग नळ्यांवर आदल्या दिवशी लिहून ठेवायची पद्धत लावा.

प्रश्न : उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेल्या नळ्यांवरची अक्षरे पापुद्र्यासारखी निघतात. बाहेर काढून नव्याने लिहायला गेलो तर मार्कर उमटत नाही. उपाय काय?

या नळ्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. या प्लॅस्टिकवर कुठलाही द्रव नीट पसरत नाही, शाई थेंबाथेंबाने आकसते आणि वरवर बसते. काच किंवा पॉलिस्टायरीनवर तीच शाई चांगली धरते. त्यात गोठवताना प्लॅस्टिक आणि शाईचा थर सारखे आकुंचन पावत नाहीत, आणि बाहेर काढल्यावर हवेतली वाफ त्यावर दव होऊन साचते. एवढ्या ओढाताणीनंतर बोट घासले की पापुद्रा सुटतो.

म्हणून खरखरीत पांढरा पट्टा असलेल्या नळ्या घ्या आणि त्या पट्ट्यावरच लिहा. खडबडीत जागेत शाईला धरायला फटी मिळतात. नळी रिकामी, कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असतानाच लिहा. बर्फात ठेवलेल्या नळीवर लिहू नका, डोळ्यांना दिसला नाही तरी तिच्यावर ओलाव्याचा थर असतो. शाई उमटली असे वाटते, पण ती प्लॅस्टिकवर नव्हे तर त्या पाण्यावर बसलेली असते. शिवाय हिम टोकात शिरले की मार्करही बिघडतो.

वर्षानुवर्षे ठेवायचे नमुने, आणि विशेषतः द्रवरूप नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश) जाणारे नमुने, निव्वळ हाताच्या अक्षरावर सोडू नयेत. त्यासाठी अतिशीत तापमानाला टिकणाऱ्या डिंकाची लेबले मिळतात. त्यांवर थर्मल ट्रान्स्फर पद्धतीने, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरवून, राळेच्या रिबनने छापावे. लेबल नळीभोवती पूर्ण फिरून स्वतःवरच थोडे चढेल एवढे लांब घ्या, कारण लेबल लेबलाला जितके घट्ट धरते तितके ते पॉलिप्रॉपिलीनला धरत नाही. चिकटवल्यावर गोठवण्याआधी शक्य तर चोवीस तास जाऊ द्या. साधी कागदी लेबले आणि घरगुती पारदर्शक चिकटपट्टी इथे चालत नाही. थंडीत डिंक कडक होतो आणि एक दिवस पेटीच्या तळाशी नुसत्या लेबलांचा ढीग सापडतो. अक्षरावर चिकटपट्टी लावून ते वाचवण्याचा प्रयत्न तर उलटतो, पट्टी सुटताना शाईही घेऊन जाते.

आधीच गोठलेल्या, पुसट झालेल्या नळ्या वाचवायच्या असतील तर एकेक नळी कोरड्या बर्फावर (घन कार्बन डायऑक्साइडवर) धरा, हिम कोरड्या कागदाने पुसा आणि गोठलेल्या पृष्ठभागासाठीच बनवलेले, आधी छापून ठेवलेले लेबल लावा. मार्करने प्रयत्न करत बसाल तर तेवढ्यात नमुना वितळेल.

प्रश्न : ऊतींच्या स्लाइडवर लिहायला झायलीनला टिकणारा महागडा पेन घ्यावा का?

घेतला तरी चालेल, पण साधी एचबी पेन्सिल त्याहून भरवशाची आहे. पेन्सिलचे शिसे म्हणजे ग्राफाइट, आणि ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो झायलीनमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये नाही आणि अभिरंजकांतही (ऊती रंगवायच्या रंगांतही) नाही. ऊती कापण्याआधी मेणात बसवलेली असते; ते मेण काढण्यासाठी स्लाइड झायलीनमधून, मग उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जाते. साध्या मार्करची शाई पहिल्याच भांड्यात सुटते आणि द्रावण रंगवते. नाव गेल्याचे कळते ते शेवटी, तोवर शेजारच्या चार स्लाइडही अनोळखी झालेल्या असतात.

अट एकच, स्लाइडला खरखरीत टोक हवे. गुळगुळीत काचेवर पेन्सिल चालत नाही, तिथे हिऱ्याच्या किंवा टंगस्टन कार्बाइडच्या टोकाने कोरावे. मात्र कोरलेली रेघ हे काचेचे दुबळे ठिकाण होते. स्लाइडला त्याने काही होत नाही, पण निर्वाताखाली किंवा दाबाखाली वापरायच्या काचपात्रावर कधीही कोरू नका.

पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातली द्रव्ये द्रावकाबरोबर वर चढवून वेगळी करण्याच्या रीतीच्या) पट्टीवरही आरंभरेषा पेन्सिलनेच मारतात. शाईची रेघ द्रावकाबरोबर वर चढते आणि तिचे ठिपके तुमच्या ठिपक्यांत मिसळतात.

प्रश्न : पीसीआरच्या (यंत्रात डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेच्या) ०.२ मिलिलिटरच्या नळ्यांवर जागाच नसते. झाकणावर लिहावे का?

झाकणावर लिहू नका. यंत्राचे तापलेले झाकण, साधारण १०५ अंशांचे, नळीच्या झाकणावर दाबून बसते. शाई मऊ होऊन त्या पत्र्याला लागते आणि पुढच्या माणसाच्या नळ्यांवर उमटते. ०.३ ते ०.४ मिलिमीटर टोकाच्या मार्करने नळीच्या अंगावर, वरच्या भागात लिहा. आठ नळ्यांची पट्टी असेल तर पहिल्या नळीवर क्रमांक आणि दिशा कळण्यासाठी एक खूण पुरे, बाकी वहीतल्या आराखड्यात. सूक्ष्मपात्रांच्या पट्टीच्या, म्हणजे ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळावर मात्र काहीही लिहू नका. प्रकाश तिथूनच जातो, शाई त्याला अडवते आणि काही शाया स्वतः चमकतात. कडेच्या चौकटीवर लिहा.

प्रश्न : भट्टीत ठेवलेल्या मुशींवरचे क्रमांक जळून जातात.

मार्करची राळ आणि रंग सेंद्रिय असतात, ५५० अंशांना ते राहणारच नाहीत. पेन्सिलची खूण काही काळ दिसते, पण तापमान वाढत गेले की ग्राफाइटही हवेत जळते. चिनी मातीच्या मुशींसाठी जुनी आणि खात्रीची रीत फेरिक क्लोराइडची आहे. त्याचे घट्ट द्रावण करा आणि बारीक कुंचल्याने किंवा टाकाने मुशीच्या बाहेरच्या अंगावर, शक्यतो झिलई नसलेल्या भागावर, क्रमांक लिहा. सुकू द्या आणि रिकामी मूस भट्टीत लाल होईपर्यंत तापवा. फेरिक क्लोराइडचे लोहाच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि तांबूस तपकिरी अंक कायमचा बसतो. झाकणावरही तोच क्रमांक घाला.

नमुना जाळून उरलेली राख मोजायची असेल तर हे सगळे रिकाम्या मुशीचे स्थिर वजन (पुन्हा तापवूनही न बदलणारे वजन) घेण्याआधी उरकायचे. वजन घेतल्यानंतर क्रमांक टाकला तर त्या खुणेचे वजन तुमच्या राखेत मोजले जाईल. द्रावण क्षरणकारी आहे आणि त्याचे डाग निघत नाहीत, ग्लोव्हज घाला. प्लॅटिनमच्या मुशीला ही रीत लावू नका. नमुन्यात लोह मोजायचे असेल तर खूण मुशीच्या आत किंवा काठावर येणार नाही याची काळजी घ्या. भट्टीत मुशी कुठे ठेवल्या याचा आराखडा दरवेळी काढाच.

प्रश्न : पाण्यातील बाष्पनशील सेंद्रिय द्रव्यांसाठी नमुने घेतो. व्हायलवर (नमुन्याच्या छोट्या बाटलीवर) जागेवरच मार्करने लिहिले तर बिघडते का?

बिघडते. मार्करचा वास म्हणजे उडणारा द्रावकच, आणि तुम्ही पाण्यात शोधता आहात ती द्रव्ये त्याच जातीची आहेत. काही मार्करांत टोल्युईन किंवा झायलीन असते. लेबले आदल्या दिवशी दुसऱ्या खोलीत तयार करा, जागेवर वेळ आणि तारीख पेन्सिलने किंवा बॉलपेनने भरा आणि मार्कर व्हायलच्या पेटीत ठेवूच नका. शुद्ध पाण्याने भरलेली एक व्हायल नमुन्यांबरोबर नेऊन आणावी, वाटेत काही शिरले असेल तर ती सांगते.

प्रश्न : अल्कोहोलमध्ये जपलेल्या प्राण्यांच्या बरण्यांवर काय लिहावे?

बाहेर काहीही लिहा, खरे लेबल बरणीच्या आत हवे. लाकडी लगद्याचा साधा कागद काही वर्षांत मऊ पडतो, सुती धाग्यांचा जाड कागद घ्या. त्यावर पेन्सिलने किंवा कार्बन रंगद्रव्याच्या शाईने लिहा आणि शाई पूर्ण सुकल्यावरच आत सोडा. लेझर प्रिंटरचा छाप पहिल्या दिवशी सुबक दिसतो, पण ती अक्षरे कागदावर वितळून चिकटवलेली असतात. अल्कोहोलमध्ये ती कालांतराने सुटून तळाशी बसतात.

प्रश्न : पेट्री डिशच्या झाकणावर लिहिणे चूक का?

झाकणे अदलाबदल होतात. तळाच्या बाजूला, कडेने, लहान अक्षरांत लिहा, म्हणजे वसाहती मोजताना मध्ये येणार नाही. क्रमांक देवनागरीत लिहीत असाल तर १ आणि ९ नीट वेगळे काढा, अर्धवट पुसल्यावर ते एकमेकांसारखे दिसतात. झायलीन किंवा टोल्युईनचा रंग-मार्कर या डिशवर वापरू नका, पॉलिस्टायरीनला बारीक तडे जातात.

प्रश्न : मार्कर लवकर सुकतात.

झाकण ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा आणि मार्कर आडवा ठेवा. ओल्या, तेलकट किंवा ग्लोव्हजची पावडर लागलेल्या जागेवर लिहिले की टोक बुजते. कोरड्या कागदावर काही रेघा ओढून ते मोकळे होत असेल तर ठीक, नाहीतर टाकून द्या. टोक अल्कोहोलमध्ये बुडवून जिवंत केलेला मार्कर नमुन्यांसाठी वापरू नका. पातळ झालेल्या शाईत राळ कमी उतरते आणि अक्षर आधीपेक्षा लवकर निघते.